नाना मोकलांची चूक

नाना मोकल निदान झाल्याशिवाय चहाला हात लावत नसत. चहा समोर ठेवा, त्यावर साय धरू द्या, माशी बसू द्या. गाडीचं दुखणं सापडेपर्यंत तो कप त्यांच्या लेखी नव्हताच. सापडलं की मात्र तोच गार चहा एका घोटात संपवत आणि पंचानं मिशा पुसत. त्यामुळं पेणच्या रामवाडीत "नाना, काय झालंय गाडीला?" असं कोणी विचारत नसे. लोक नुसता कप बघत.

हायवेच्या कडेला करंजाच्या सावलीत त्यांची पत्र्याची शेड होती. पाटी नव्हती. "पाटी दवाखान्याला लावतात, देवळाला नाय," असं ते म्हणत, आणि गमतीनं म्हणत नसत. अंगानं बुटके, मान थेट खांद्यात बसवलेली, कानांवर केसांचे झुपके आणि खांद्यावर पांढराशुभ्र पंचा. तो पंचा घाम पुसायला नव्हता. चालू गाडीच्या सायलेन्सरसमोर ते तो धरत, मग उन्हात नेऊन डाग बघत आणि नाकाला लावत. काळा डाग पडला तर गाडी खादाड, पेट्रोल जास्त पिते. नुसती ओल आली तर पाणी शिरलंय, ऊन दाखवा. आणि धूर निळा असला तर नाना डोक्यावरची टोपी काढून हातात घेत.

"निळा म्हंजे तेल जळतंय. तेल म्हंजे हिचं रगत. रगत जळाय लागलं म्हंजे आजार पोटात हाय."

माझी आणि त्यांची ओळख माझ्या स्कूटरनं करून दिली. आमचं पेणला पापडांचं दुकान. आजोबांपासून आम्ही पापड लाटून घेतो, वाळवतो, विकतो. यंत्रांशी आमचा संबंध तराजूपुरता. मी म्हटलं, "नाना, स्कूटरला जरा धूर येतोय."

"कंच्या रंगाचा?"

मी विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "धुराच्या रंगाचा."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग शेजारच्या पानवाल्याला हाक मारून म्हणाले, "अरे, इकडं ये. तुला एक मानूस दाखवतो."

नाना मूळचे खाडीकाठच्या खारेपाटातले. वडील मिठागरात राबले. नाना मात्र मिठाला कंटाळून धरमतरच्या लाँचवर चढले आणि इंजिनाच्या खोलीत उतरले. "तिथं डोळ्यांचा काय उपेग नाय. वास, आवाज नि धूर, यावर मी शिकलो," असं सांगत. पुढं रस्ते झाले, लाँच रोडावल्या, आणि नाना रामवाडीला येऊन बसले. पण बसले ते कप्तानासारखे. गिऱ्हाइकाला बसा म्हणत नसत, हाताखाली कोणी टिकत नसे, आणि "चुकलो" हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेला नव्हता.

एकदा भाद्रपदाच्या तोंडावर, गणपतीच्या मूर्ती भरलेली एक जुनी पेट्रोलची जीप शेडसमोरच बंद पडली. नानांनी दोन मिनिटं कान लावला आणि निकाल दिला, ठिणगी देणारी कॉइल गेली. नवी कॉइल आणली, बसवली, जीप ढिम्म. शेवटी ड्रायव्हरनं सहज टाकीचं झाकण उघडून आत काठी घातली तर काठी कोरडी. पेट्रोलच नव्हतं. जमलेले सगळे नानांच्या तोंडाकडं बघायला लागले. नाना शांतपणे म्हणाले, "कॉइल आज जानारच होती. पेट्रोल संपलं म्हनून वाचली."

दुसऱ्याच्या चुकीवर मात्र ते महिनोन्‌महिने जगत. त्यातही एका चुकीचा त्यांना विशेष राग. जुन्या इंग्लिश फटफटींना इंजिन ऑइलची टाकी वेगळी असते, सीटखाली. गाडी उभी राहिली की टाकीतलं तेल हळूहळू झिरपून खाली इंजिनाच्या पोटात उतरतं. गाडी चालू केली की पंप ते पुन्हा वर आणतो. म्हणून तेल बघायचं ते इंजिन गरम झाल्यावर. गार इंजिनावर टाकीत कांडी बुडवली तर टाकी रिकामी वाटते, आणि अडाणी माणूस वरून आणखी तेल ओततो. एवढ्यावरून नानांनी हाताखालचा एक चांगला कारागीर हाकलला होता. "बाप आतल्या खोलीत झोपलाय," ते म्हणत, "नि ह्यो निघाला पोलिसात, बाप हरवला म्हनून!" हे वाक्य रामवाडीत इतकं चाललं, की घरात चष्मा सापडेना झाला तरी लोक तेच म्हणत.

हे सगळं सांगतोय ते माझ्या सासऱ्यांच्या गाडीमुळं.

सासरे, म्हणजे अण्णा, रोह्याजवळच्या वरसे गावचे. भाताची शेती, त्यामागून वाल. तरुणपणी त्यांनी मुंबईतून एक इंग्लिश फटफटी घेतली आणि लाँचवर चढवून धरमतरला आणली. लाँच अर्ध्या खाडीत असताना इंजिनवाला खलाशी वर आला, फटफटीभोवती फिरला आणि म्हणाला, "मागचा मालक गाढव व्हता." ते नाना. दोघांची दोस्ती तिथून. अण्णा लग्न करून सासूबाईंना नागोठण्याहून घेऊन आले ते ह्याच फटफटीवर. वऱ्हाड मागाहून बैलगाड्यांतून आलं. वरसे गावात म्हाताऱ्या बायका अजून सांगतात, की नवरी उतरली तेव्हा तिच्या मुंडावळ्या मागच्या बाजूला गेल्या होत्या.

ती फटफटी पडवीत उभी असे आणि अण्णांशिवाय तिला कोणी हात लावायचा नाही, असा घरात कायदा होता. मेहुणा सुरेश तिच्याजवळून जाताना अंग चोरून जाई. मला जावई म्हणून एकदाच किक मारायचा मान मिळाला. किक उलटी आली आणि मी पेंढ्याच्या ढिगावर बसलेला सापडलो. अण्णांनी आधी गाडीला लागलं का ते बघितलं. रोज सकाळी ते ती चालू करत, थोडा वेळ चालवत, मग टाकीचं झाकण उघडून कांडी बुडवत आणि कांडी कपाळाजवळ नेऊन बघत. सासूबाई तेव्हा शेजारच्या देवघरात नंदादीपात तेल घालत असायच्या. तो दिवा त्यांनी आल्या दिवसापासून विझू दिला नव्हता. दोघांच्या ह्या दोन पूजा शेजारी शेजारी चालत.

त्या वर्षी श्रावणात अण्णांच्या छातीत दुखलं. रोह्याच्या डॉक्टरांनी वाचवलं, पण सांगितलं की मुंबईला नेऊन ऑपरेशन करावंच लागेल. तोवर खाटेवरून उठायचं नाही, रागवायचं नाही. पहिली अट त्यांनी पाळली. नाना बघायला येऊन गेले. खाटेशी बसले, गाडीविषयी बोलले, आजाराविषयी एक शब्द नाही.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. अण्णांनी खाटेवरून मान हलवून परवानगी दिली, सुरेशनं किक मारली. बऱ्याच किका खाऊन गाडी सुरू झाली आणि पडवी निळी झाली. म्हणजे समोरचा माणूस दिसेना. आत पुऱ्या तळत होत्या, त्या वासात तो धूर मिसळला, पोरं खोकायला लागली, हार घातलेली गाडी धुरात नाहीशी झाली. धूर विरला तेव्हा अण्णा उठून बसले होते.

"बंद कर," ते म्हणाले. मग हळूच, "माझ्या आधी हिचा नंबर लागनार."

मुंबईची तारीख ठरली तेव्हा अण्णांनी सांगून टाकलं, "गाडी बिनधुराची चालू झालेली बघितल्याशिवाय मी हितनं हलनार नाय."

सुरेश म्हणाला, "अण्णा, गाडी महत्त्वाची की जीव?"

"मी गेलो की तू ही भंगारात देशील. धूर टाकनारी गाडी कोन ठेवतो? हिला नीट उभी करून मग जाईन."

डॉक्टर समजावून गेले, सरपंच गेले. माझी बायको सुनंदा रडली. मीही जावई या नात्यानं दोन शब्द बोललो, अण्णा म्हणाले, "बापू, पापड चांगले व्हते गेल्या खेपेचे." विषय संपला. सासूबाई नुसत्या गाडीकडं बघत आणि पदर तोंडावर धरत.

मी पेणहून नानांना घेऊन गेलो. जावई आला म्हणून घरात पापड तळायला घेतले. नानांनी गाडी सुरू करवली, पंचा धरला, टोपी काढली. पंचा नाकाशी नेला, पण त्या नाकात इतक्या वर्षांची तपकीर होती आणि घरभर पापडांचा घमघमाट. गाडी लगेच बंद केली.

"रिंगा गेल्या," नानांनी निकाल दिला. "पिस्टनच्या रिंगा झिजल्या, तेल वर चढतंय नि जळतंय. इंजिन उघडाय लागंल."

आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी चहा घेतला.

अडचण नंतर कळली. हे इंजिन पूर्वी दोनदा उघडून झालं होतं. त्याचं सिलेंडर आणखी घासायला जागा नव्हती. रिंगा मुंबईत शोधाव्या लागणार, मिळाल्या तर मिळाल्या. गाडी बसवायला महिना, दोन महिने, सांगता येत नाही. आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की महिना थांबू नका.

परतीच्या वाटेवर मी नानांना हे सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी काय करू? रिंगा गेल्यात म्हंजे गेल्यात." नागोठण्याचा पूल ओलांडताना एकदम म्हणाले, "साला खाटेवर किती बारीक दिसतो रे."

मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच नाना हत्यारांची पेटी घेऊन वरसे गावात हजर. काहीही करून इंजिन उघडायचं आणि नानांनी अण्णांना सांगायचं, की काम सुरू झालंय, तू जा. असा सुरेशचा बेत होता. अण्णांनी तो खाटेवरून ओळखला होता. "उघड," ते म्हणाले. "पन मी बसलोय. तू परत बसवशील तेव्हाच उठेन."

सासूबाईंनी चहा आणून पायरीवर ठेवला. नानांनी पेटी उघडली, पान्हा काढला, पहिल्या बोल्टला लावला. मग थांबले. पान्हा ठेवून उठले आणि किकवर दोन्ही पायांनी उभे राहिले. किक खाली गेली नाही. चांगला धष्टपुष्ट माणूस त्या किकवर उभा, आणि ती त्याला तोलून धरतेय.

"नाना, रिंगाच ना?" सुरेशनं विचारलं.

"गप."

"नाय, म्हंजे आपन उघडायला घेऊ या, वेळ—"

"सुऱ्या, तुज्या बापाचं मी इंजिन उघडायला आलोय का तुजं तोंड बंद करायला?"

मला नंतर कळलं ते असं. रिंगा झिजल्या असतील तर इंजिनात दाब राहत नाही, किक माणसाला पेलत नाही. पण तेलानं भिजलेलं सिलेंडर खोटा दाबही दाखवतं. म्हणजे नाना चुकले असतील किंवा नसतीलही. त्यांनी त्या क्षणी इंजिन उघडलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. जुन्या गाडीच्या रिंगा थोड्या झिजलेल्या निघतातच. त्यांचा शब्द राहिला असता. ते गाडीकडं बघत उभे राहिले. अण्णा त्यांच्याकडं बघत होते. चहावर साय धरायला लागली होती.

"चालवून बघतो," नाना म्हणाले. "जावाईबापू, बसा मागं."

"मी?"

"उलटं बसा. तोंड मागं. धूर बघायचा नि सांगायचं. ह्या वेळेला रंग सांगा, म्हंजे झालं."

अशा रीतीनं मी, पेणच्या एका जुन्या पापड दुकानाचा वारस, सासुरवाडीच्या गावातून भर सकाळी फटफटीवर उलटा बसून निघालो. दोन्ही हातांनी सीट धरलेली, पाय कुठं ठेवायचे ते ठाऊक नाही. शाळेत निघालेली पोरं मागं धावली. एका बाईनं दुसरीला विचारलेलं मी ऐकलं, "गो, ह्यो सुनंदाचा नवरा ना? चांगला व्हता की."

पण हसायची वेळ नव्हती. मागं निळ्या धुराची भिंत उभी होती.

"सांगा!" नाना ओरडले.

"निळा! खूप निळा!"

चढ आला. रिंगा गेल्या असतील तर गाडी ओढताना धूर वाढला पाहिजे. नानांनी हँडलच्या मुठीला पीळ दिला. मी डोळे फाडून बघत होतो. "वाढला नाय!" उतारावर त्यांनी पीळ सोडला, पुन्हा दिला. "तेवढाच! नाय, कमी झाला! नाना, कमी होतोय!"

"नीट बघा!"

"बघतोय! रस्ता दिसायला लागला!"

गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना कापलेली भातखाचरं, जवळपास घर नाही, चूल नाही. आणि त्या मोकळ्या हवेत मला एक वास आला. दुसरा कसला असता तर मी गप्प बसलो असतो, पण ह्या एका वासात मी जन्मलो, वाढलो. त्यात माझी चूक होणं शक्य नव्हतं.

"नाना," मी म्हटलं, "पापड."

"काय?"

"पापड तळतायत."

नानांनी गाडी इतक्या जोरात थांबवली, की मी पाठीनं त्यांच्या पाठीवर आदळलो आणि सरकून रस्त्यावर उभाच राहिलो. ते मागं वळले. मला चार शिव्या बसणार, या तयारीनं मी उभा होतो. पण ते माझ्या चेहऱ्याकडं बघत नव्हते. माझ्या पँटीकडं बघत होते. डावा पाय गुडघ्यापासून खाली तेलानं निथळत होता. सीटखालच्या टाकीतून तेल उतू जाऊन नळीवाटे बाहेर येत होतं, माझ्या पँटीवर सांडत होतं, आणि तिथून तापलेल्या सायलेन्सरवर टपकत होतं. वास तिथला होता.

नानांनी बोट लावलं, वास घेतला, जिभेला लावलं.

"तेल पिनारी गाडी," ते स्वतःशीच म्हणाले, "नि टाकी उतू जाते?"

मग ते रस्त्याकडेच्या बांधावर बसले. टोपी हातात. मी विचारलं, "काय झालंय?" ते तेलाचं बोट अंगठ्यावर चोळत राहिले. एका बैलगाडीवाल्यानं विचारलं, "नाना, बिघडली का?" नानांनी त्याला हातानंच पुढं जायला सांगितलं.

परत आल्यावर अण्णांनी खाटेवरून विचारलं, "काय रे?" नाना "बघतो" एवढंच बोलले. गाडीखाली घमेलं सरकवलं आणि इंजिनाच्या पोटाखालचा बोल्ट सोडला.

तेल यायला लागलं. येतच राहिलं. काळं, मग तपकिरी, मग सोनेरी. घमेलं भरलं, सुरेशनं दुसरं आणलं. एका गाडीत मावेल त्याहून किती तरी जास्त. नाना त्या धारेकडं बघत नव्हते. ते खालच्या जमिनीकडं बघत होते. जुन्या गाडीखाली तेलाचे डाग असतातच. इथं जमीन रोज सारवल्यासारखी स्वच्छ होती. मग त्यांची नजर गाडीशेजारच्या कोनाड्यात गेली. तिथं देवाच्या गोड्या तेलाचा डबा होता आणि डब्याजवळ एक नीट घडी केलेलं, तेलकट फडकं.

हात धुवायच्या निमित्तानं ते मागल्या दारी गेले. पाणी घालायला सासूबाई गेल्या. फडकं आणायच्या निमित्तानं मी. म्हणून हे मला ठाऊक आहे.

"वहिनी," नाना हळू म्हणाले, "कधीपासनं?"

सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला. "हे पडले तवापासनं. रोज सकाळी. देवाच्या दिव्यात घातलं की हितं. हे बुडवतात तशी कांडी बुडवून बघायची. रोज कमीच दिसायचं, भावजी. त्यांच्या डब्यातलं भादव्यात संपलं. कोनाला आनायला सांगू? मग देवाचं घातलं." त्यांनी श्वास घेतला. "मना वाटायचं, ही रिकामी झाली तर..."

रोज सकाळी फटफटीचा आवाज ऐकणाऱ्या त्या बाईला गाडी आधी गरम व्हावी लागते, हे कधी कोणी सांगितलंच नव्हतं. गाडीजवळ जायची बंदी होती, तर सांगणार कोण? त्यांनी मात्र दोन्ही दिवे भरलेले ठेवले.

"मोकल!" आतून अण्णांची हाक आली. आवाजात जुनी धार होती. "घमेल्यात काय निघालं ते सांग. कोनी हात लावला माझ्या गाडीला?"

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टरांनी सांगितलेली दुसरी अट मला आठवली.

नाना पंचाला हात पुसत पडवीत आले आणि खाटेसमोर उभे राहिले. सुरेश, सुनंदा, दोन शेजारी, दारात जमलेली पोरं. सगळ्यांच्या देखत रिंगा गेल्या म्हणून सांगितलं होतं, ते हेच सगळे.

"रिंगा ठनठनीत हायत," नाना म्हणाले.

"मग?"

"तेल जास्त झालंय."

"कोनी घातलं?"

"मी."

अण्णा खाटेवर पुढं वाकले.

"श्रावनात तुला बघायला आलो व्हतो. बोलता बोलता तुजा डोळा लागला. जाता जाता टाकीत कांडी बुडवली, रिकामी वाटली. तुज्या डब्यातलं सगळं ओतलं, तरी कमीच दिसलं. मग वहिनींकडनं देवाचं तेल मागून घेतलं." नानांनी पंचाला पुन्हा हात पुसले. "गार इंजिनावर बघितलं. चुकलो."

घमेल्यात शेवटचा थेंब पडला. अण्णांची नजर नानांवरून स्वयंपाकघराच्या दाराकडं गेली आणि परत आली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, झालं! सुरेश धावला. पण अण्णा हसत होते. श्रावणापासून पहिल्यांदा हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"बाप आतल्या खोलीत झोपलाय," ते खोकत खोकत म्हणाले, "नि मोकल, तू गेलास पोलिसात!"

सगळी पडवी हसली. नाना मान खाली घालून पान्हा शोधत होते. तो त्यांच्या हातातच होता.

दुपारपर्यंत त्यांनी इंजिन धुऊन काढलं, रोह्याहून आणलेलं नवं तेल मापानं घातलं. गाडी सुरू केली. पहिला एक निळा झोत आला, मग विरळ, मग काहीच नाही. नुसता ठोका. अण्णांनी पंचा मागितला, स्वतः बघितला. पांढरा होता. ते आडवे झाले आणि म्हणाले, "सुऱ्या, उद्या कितीला निघायचं?"

सासूबाईंनी नवा चहा केला. नाना म्हणाले, "आज नको वहिनी. आज माजं निदान चुकलं." सासूबाईंनी कप तिथंच ठेवला आणि नाना पेटी आवरेपर्यंत त्या हलल्या नाहीत. शेवटी नानांनी तो गार चहा घेतला.

एसटीत बसताना नाना मला म्हणाले, "जावाईबापू, तुमी पापडाकडं लक्ष द्या. बाकी काय तुमाला कळत नाय. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

अण्णांचं ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले आणि त्या वर्षांत त्यांनी ही गोष्ट रोह्याच्या बाजारात, लग्नांत, एसटीत, सगळीकडं सांगितली. ती रामवाडीला पोचली. ज्या कारागिराला नानांनी हाकललं होतं, तो मुद्दाम शेडवर येऊन विचारून गेला, "नाना, देवाचं तेल कंच्या गाडीला चालतं?" पानवाला तर रोज विचारी. उलट बोलल्याशिवाय ज्यांचा दिवस जात नसे, ते नाना ह्या एका गोष्टीला उत्तर देत नसत. पंचा झटकत आणि कामाला लागत. वरसे गावात वाल निघाले, की पहिले वाल पिशवीत भरून सासूबाई माझ्याबरोबर रामवाडीला पाठवत. "कशाबद्दल?" असं नानांनी एकदाही विचारलं नाही.

नानांना शेवटचं बघितलं ते वरसे गावातच. अण्णा जाऊन काही महिने झाले होते. रामवाडीचं करंजाचं झाड रस्त्याच्या रुंदीकरणात गेलं होतं, शेड गेली होती, आणि नानांच्या गुडघ्यांत किक मारायचं बळ उरलं नव्हतं. तरी मला म्हणाले, गाडी बघून येऊ. पडवीत आल्यावर सुरेशला किक मारायला लावली. गाडी सुरू झाली. आम्ही निघायचं म्हटलं तर नाना पायरीवर बसून राहिले. इंजिन चांगलं तापू दिलं, बंद करवलं. मग टाकीचं झाकण उघडलं, कांडी काढून पंचानं पुसली आणि देवघराकडं तोंड करून हाक मारली.

"वहिनी, जरा हिकडं या."

सासूबाई दिव्यात तेल घालत होत्या. हात पुसत बाहेर आल्या. नानांनी कांडी त्यांच्या हातात दिली.

"आता बुडवा."

त्यांनी आधी सुरेशकडं बघितलं. मग गाडीकडं. कांडी बुडवून त्यांनी बाहेर काढली आणि अण्णा न्यायचे तशी कपाळाजवळ नेली. तेल खुणेला बरोबर होतं.

"असं बघायचं," नाना दुसरीकडं बघत म्हणाले. "गरम झाल्यावर. मागं मी चुकलो व्हतो, तसं तुमचं होऊ नये."

"व्हय, भावजी," सासूबाई म्हणाल्या, आणि कांडी पदराला पुसून जागेवर ठेवली.